स्कॅनच्या दिवशी ग्लुकॅगॉनचं इंजेक्शन असेल तर ब्लड टेस्ट कधी आणि कशा करायच्या

पोटाचा एमआरआय किंवा सीटी आणि सगळ्या ब्लड टेस्ट एकाच दिवशी उरकायच्या असतील तर रक्त आधी द्यायचं आणि स्कॅन नंतर करायचा, उलटं नाही. एवढं पाळलं तरी अर्धं काम झालं, बाकीचं खाली सविस्तर लिहिते कारण प्रत्येकाला हा क्रम जमतोच असं नाही, स्कॅनचा नंबर कधी लागेल ते आपल्या हातात नसतं.

मी परळ भागात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त घ्यायचं काम करते. आजूबाजूला केईएम, टाटा अशी मोठी हॉस्पिटलं, त्यामुळे पालघर, कर्जत, बदलापूर, पनवेल कुठून कुठून माणसं येतात आणि एका खाड्यात जेवढं होईल तेवढं उरकून जायचं बघतात, ते बरोबरच आहे, रोजंदारीवरच्या माणसाला दुसरा खाडा परवडत नाही. तर होतं काय, सकाळी कुठेतरी स्कॅन करून येतात आणि काउंटरवर म्हणतात, "ताई, सकाळपासून उपाशीच आहे, फास्टिंग शुगर पण करून टाका." उपाशी असतात हे शंभर टक्के खरं, पण मनगटाजवळ कापूस चिकटवलेला असतो, म्हणजे तासाभरापूर्वी शिरेतून काहीतरी गेलंय, आणि त्यात ग्लुकॅगॉन (स्कॅनच्या वेळी आतडी शांत ठेवायला देतात ते इंजेक्शन, त्याने शुगर वाढते) असेल तर ती शुगर फास्टिंग म्हणून धरताच येत नाही. मग रिपोर्टमध्ये १४५-१५० असा काहीतरी आकडा येतो, घरी रडारड, कोणीतरी कारल्याचा रस सुरू करतं, कोणी ओळखीच्या केमिस्टकडून गोळी आणतं. हे सगळं टाळता येतं.

आधी, हे इंजेक्शन देतातच कशाला

आतडी कधी गप्प बसत नाहीत, सतत आकुंचन पावत अन्न पुढे ढकलत असतात. साधा एक्स-रे क्षणात निघतो पण एमआरआयला एकेका सिक्वेन्ससाठी श्वास रोखून वीस-वीस सेकंद पडून राहायला लागतं, श्वास आपण रोखू शकतो, आतडी नाही. हलत्या माणसाचा फोटो काढला की चेहरा पुसट येतो तसंच इथे आतड्याची भिंत पुसट येते, आणि नेमकी ती भिंतच बघायची असते. क्रोन्स (आतड्याला वरचेवर सूज येणारा जुनाट आजार) आहे की आतड्याचा टीबी, हा प्रश्न आपल्याकडे रोजचा आहे, दोन्ही बऱ्याचदा लहान आतडं जिथे मोठ्याला मिळतं तिथेच बसतात आणि दोघांची ट्रीटमेंट पूर्ण वेगळी, त्यामुळे डॉक्टर एमआर एन्टेरोग्राफी, म्हणजे लहान आतड्याचा एमआरआय, सांगतात. त्यासाठी लिटर-दीड लिटर गोडसर पाणी प्यायला देतात, बऱ्याच ठिकाणी त्यात मॅनिटॉल असतं, आणि मग मशीनवर झोपवल्यावर आतड्यांची हालचाल थोडा वेळ थांबवायचं इंजेक्शन देतात. सीटी कोलोनोग्राफी (मोठ्या आतड्याचा सीटी), बेरियम पाजून करायच्या एक्स-रे तपासण्या, कधीकधी ईआरसीपी (दुर्बिणीतून पित्तनळीची तपासणी), इथेही तेच.

हे इंजेक्शन दोनपैकी एक असतं. एक बुस्कोपॅन, हे आपल्याकडे जास्त चालतं कारण स्वस्त आहे आणि सगळीकडे मिळतं. दुसरं ग्लुकॅगॉन. अमेरिकेत बुस्कोपॅनचं इंजेक्शन वापरात नाही म्हणून तिकडच्या माहितीत सगळीकडे ग्लुकॅगॉनच दिसतं, ते वाचून घाबरायचं नाही, तुम्हाला कदाचित ते दिलंच जाणार नाही. पण ज्यांना काचबिंदू आहे, प्रोस्टेटमुळे लघवी अडकते, किंवा हृदयाचे ठोके आधीच जास्त आहेत, त्यांना बुस्कोपॅन टाळून ग्लुकॅगॉन देऊ शकतात. म्हणजे बघा, जास्त करून वयस्कर माणसांना, आणि त्यांच्यातच डायबेटिस जास्त.

फरक काय तर बुस्कोपॅनने शुगर वाढत नाही. ग्लुकॅगॉनने वाढते, कारण मुळात शरीरात त्याचं तेच काम आहे.

शरीरात काय होतं

ग्लुकॅगॉन हा आपल्याच स्वादुपिंडात तयार होणारा हॉर्मोन आहे. इन्सुलिन बीटा पेशी बनवतात, हा अल्फा पेशी बनवतात. १९२३ साली किंबल आणि मर्लिन यांनी याला नाव दिलं, इन्सुलिन सापडून तेव्हा दोनच वर्षं झाली होती, स्वादुपिंडाच्या अर्कात शुगर वाढवणारंही काहीतरी आहे हे तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. इन्सुलिन शुगर खाली आणतं, हा वर नेतो. लिव्हरमध्ये साखरेचा साठा असतो ग्लायकोजेनच्या रूपात, ग्लुकॅगॉन लिव्हरला सांगतो की साठा फोड आणि रक्तात सोड. बेशुद्ध पडलेल्या डायबेटिसवाल्याला शुगर खूप खाली गेली की १ मिलिग्रॅमचं हेच इंजेक्शन देतात. योगायोगाने हाच हॉर्मोन मोठ्या डोसमध्ये दिला की आतड्याचे स्नायू सैल पडतात, स्कॅनवाल्यांना तेवढंच हवं असतं, शुगर वाढणं हा सोबत येणारा परिणाम.

स्कॅनसाठी डोस साधारण पाव ते एक मिलिग्रॅम शिरेतून, किंवा १ ते २ मिलिग्रॅम स्नायूत. शिरेतून दिलं की मिनिटभरात आतडी शांत होतात आणि डोसप्रमाणे दहा ते पंचवीस मिनिटं तशी राहतात. स्नायूत दिलं तर परिणाम सुरू व्हायला पाच-दहा मिनिटं लागतात. आता इथे गंमत अशी की आतड्यांवरचा परिणाम संपला, तुम्ही मशीनवरून उठलात, कपडे बदललेत, बिल भरलंत, तरी शुगरची गोष्ट अजून मधेच असते. शिरेतून दिल्यावर शुगर पाच ते वीस मिनिटांत टोकाला जाते, स्नायूतून दिलं तर साधारण अर्ध्या तासाने, आणि पूर्ण उतरायला एक ते दीड तास. हे ज्यांचं इन्सुलिन नीट चालतं त्यांचं. डायबेटिस असेल तर वाढ जास्त होऊ शकते आणि जास्त वेळ टिकू शकते, कारण उलट बाजूने ओढणारं इन्सुलिन कमी पडतं.

म्हणजे स्कॅन संपल्यावर लोक ज्या वेळेला आमच्यासारख्या लॅबमध्ये पोचतात, नेमकी तीच वेळ सगळ्यात वाईट.

एक उलटं पण होतं. काही दिवस धड जेवण गेलेलं नाही, लिव्हर खराब आहे, वजन खूप उतरलंय, अशा माणसाच्या लिव्हरमध्ये साठाच नसतो, त्याची शुगर इंजेक्शन देऊनही फारशी वाढत नाही. त्यामुळे शुगर नॉर्मल आली म्हणजे ग्लुकॅगॉन दिलंच नव्हतं असा हिशोब लावू नका.

अपॉइंटमेंट घेतानाच हे करा

फोनवर किंवा काउंटरवर सरळ विचारा, आतड्यांची हालचाल थांबवायचं इंजेक्शन देणार आहात का, आणि असेल तर बुस्कोपॅन की ग्लुकॅगॉन. काउंटरवरच्या माणसाला माहीत नसेल तर स्कॅन करणाऱ्या टेक्निशियनला किंवा रेडिऑलॉजीच्या डॉक्टरना विचारायला सांगा, त्यात संकोच करायचं काही नाही, रोजचा प्रश्न आहे हा त्यांच्यासाठी. कधीकधी नातेवाइकालाच चिठ्ठी देऊन खालच्या केमिस्टकडून व्हायल आणायला सांगतात, तसं झालं तर ते बिल आणि रिकामा खोका दोन्ही जपून ठेवा, त्यावर नाव असतंच.

आणि हे विचारताना आपल्या बाजूची माहिती पण द्या. डायबेटिस आहे, इन्सुलिन चालू आहे, रक्त पातळ करायची वॉर्फरिन घेतो, बीपीसाठी अ‍ॅटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल घेतो, हे सांगायचं. वॉर्फरिनवाल्यांचा आयएनआर (रक्त किती पातळ झालंय त्याचा आकडा) ग्लुकॅगॉनमुळे वाढू शकतो, अ‍ॅटेनोलॉल-मेटोप्रोलॉल गटातल्या गोळ्या घेणाऱ्यांचे ठोके आणि बीपी थोडा वेळ चढू शकतात. आणि एक गोष्ट तर न विसरता, अ‍ॅड्रिनल ग्रंथीवर फिओक्रोमोसायटोमा नावाची गाठ आहे किंवा असल्याची शंका आहे असं कोणत्याही डॉक्टरने कधी म्हटलं असेल तर ते इंजेक्शनच्या आधी सांगायलाच हवं, कारण त्या गाठीतून एकदम अ‍ॅड्रिनॅलिनसारखे हॉर्मोन सुटून बीपी धोकादायक वाढू शकतं, अशा माणसाला ग्लुकॅगॉन देत नाहीत. स्वादुपिंडातली इन्सुलिनोमाची गाठ असेल तरी देत नाहीत, त्यात शुगर आधी वर जाते आणि मग गाठ भरमसाट इन्सुलिन सोडते आणि शुगर कोसळते. तिसरी ग्लुकॅगोनोमा, म्हणजे ग्लुकॅगॉन बनवणारी गाठ, ही फार क्वचित दिसते, पण तिथेही टाळतात.

रक्त कधी द्यायचं

सगळ्यात सोपा रस्ता सांगते, जो बहुतेकांच्या लक्षात येत नाही. कॉन्ट्रास्ट (स्कॅनमध्ये आतलं ठळक दिसावं म्हणून शिरेतून देतात ते औषध) देऊन स्कॅन करायचा असेल तर किडनीसाठी क्रिएटिनिनचा रिपोर्ट बऱ्याच ठिकाणी आधीच मागतात. मग त्यासाठी तुम्ही स्कॅनच्या दोन-चार दिवस आधी रक्त देणारच आहात ना, त्याच वेळी उपाशीपोटी जा आणि फास्टिंग शुगर, लिपिड, थायरॉइड, जे जे डॉक्टरने लिहिलंय ते सगळं त्याच एका सुईत देऊन टाका. घरी येऊन सॅम्पल नेणारे मुलं सकाळी सहा-साडेसहापासून येतात, ऑफिसला जायच्या आधी होऊन जातं. आतडी साफ करायचं औषध घ्यायच्या आधीचा दिवस निवडलात तर अजून चांगलं, कारण जुलाब होऊन पाणी आणि क्षार निघून गेले की सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन तिन्ही इकडेतिकडे होतात, त्यात ग्लुकॅगॉनचा काही दोष नसतो.

हे नाही जमलं आणि सगळं त्याच दिवशी आहे, तर स्कॅनला जायच्या आधी लॅब गाठा. लॅब स्कॅनच्याच बिल्डिंगमध्ये असेल तर अजून एक सोय होते, हाताला सुई लावतात तेव्हाच, अजून काहीही आत गेलेलं नसताना, त्याच सुईतून रक्त काढून ट्यूबमध्ये भरून घ्या म्हणून नर्सना विनंती करायची. बऱ्याच वेळा करतात, दुसऱ्यांदा टोचावं लागत नाही. फक्त एक माहीत असू दे, बारीक सुईतून जोरात ओढून काढलेल्या रक्तात लाल पेशी फुटतात आणि पोटॅशियम खोटं जास्त येतं, त्यामुळे अशा सॅम्पलचं पोटॅशियम जास्त आलं तर एकदा परत करून बघायचं. आणि हाताला डेक्स्ट्रोजची सलाईन चालू असेल तर त्या हाताचं रक्त शुगरसाठी कधीच द्यायचं नाही, दुसऱ्या हाताचं दिलं तरी सलाईनमधली साखर अंगात गेलेलीच असते, ती शुगर पण फास्टिंग नव्हे. लॅबमध्ये येणाऱ्या चुकीच्या शुगरमध्ये ग्लुकॅगॉनपेक्षा डेक्स्ट्रोजची सलाईन जास्त वेळा सापडते हे माझं रोजचं बघणं आहे.

स्कॅन आधी झाला आणि रक्त राहिलंय, तर शुगर दुसऱ्या दिवशी सकाळी, रात्रीचं नेहमीचं जेवण करून, आठ ते दहा तास उपाशी राहून द्या. दोन तास थांबून त्याच दिवशी दिलं तर चालेल का असं विचारतात लोक. नॉर्मल माणसात दोन तासांनी ग्लुकॅगॉनची वाढ बहुधा उतरलेली असते, पण तेव्हा मागाहून सुटलेल्या इन्सुलिनमुळे शुगर नेहमीपेक्षा खाली पण असू शकते, आणि डायबेटिसवाल्यात अजून वर असू शकते, म्हणजे आकडा कुठल्या बाजूला चुकलाय तेच कळत नाही. मी तर सांगते नका करू, पैसे वाया. पीपी, म्हणजे जेवणानंतरची शुगर पण त्या दिवशी नको. आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन करायची जीटीटी तर अजून काही दिवस पुढे ढकला, कारण त्या टेस्टच्या आधी तीन दिवस तरी नेहमीचं जेवण, म्हणजे भात-पोळी सगळं धरून, पोटात जायला हवं असतं आणि स्कॅनच्या तयारीत तुम्ही पेज आणि नारळपाण्यावर काढलेले असतात.

इमर्जन्सी असेल तर अर्थात हे काही बघायचं नाही, डॉक्टर सांगतील तेव्हा रक्त द्यायचं, फक्त वेळ लिहायची.

वेळ लिहायची म्हणजे कशी

लॅबच्या फॉर्मवर क्लिनिकल हिस्टरी किंवा रिमार्क अशी जागा असते, ती बहुतेक रिकामीच येते. तिथे लिहून घ्या, नाहीतर रक्त घेणाऱ्याला लिहायला सांगा: "ग्लुकॅगॉन १ मिग्रॅ शिरेतून, सकाळी १०.२० वाजता. रक्त ११.०५ ला घेतलं." एवढ्या एका ओळीने रिपोर्ट वाचणाऱ्या डॉक्टरचं सगळं डोकं वाचतं. इंजेक्शनची वेळ तुम्हाला आठवणार नाही, मशीनमध्ये कोण घड्याळ बघतं, पण टेक्निशियन नोंद ठेवतात, निघताना विचारून मोबाइलमध्ये टाकून ठेवा. डोस माहीत नसेल तर नुसतं नाव आणि वेळ पण चालेल.

कुठल्या टेस्टवर परिणाम होतो

शुगरचं झालं. ग्लुकोमीटरवर पण तेच दिसणार, बोटाच्या रक्तातली शुगर खरोखरच वाढलेली असते, मशीन बिघडलेलं नसतं. दंडाला सेन्सर लावलेला असेल तर त्याच्या ग्राफवर टेकडीसारखा चढ-उतार दिसेल, थोडा उशिरा दिसेल कारण सेन्सर रक्तातली नाही, त्वचेखालच्या द्रवातली शुगर मोजतो. लघवीत पण थोडी साखर येऊ शकते.

इन्सुलिन आणि सी-पेप्टाइड (स्वादुपिंडातून इन्सुलिनबरोबरच सुटणारा घटक) या दोन्ही टेस्ट सरळ वाढतात, एक तर शुगर वाढली म्हणून आणि दुसरं म्हणजे ग्लुकॅगॉन बीटा पेशींना थेट पण चाळवतो. डॉक्टर हे मुद्दाम पण वापरतात, १ मिलिग्रॅम ग्लुकॅगॉन शिरेतून देऊन सहाव्या मिनिटाला सी-पेप्टाइड मोजतात, स्वादुपिंडात किती जीव उरलाय ते कळतं. पण ती मुद्दाम ठरवून केलेली टेस्ट. स्कॅननंतर सहज म्हणून फास्टिंग इन्सुलिन दिलं आणि त्यावरून कोणी इन्सुलिन रेझिस्टन्सचा आकडा काढला तर तो पूर्ण चुकीचा. पीसीओएसच्या मुली ही टेस्ट खूप करतात, त्यांनी तर नक्की लक्षात ठेवा.

पोटॅशियम थोडं खाली जाऊ शकतं, इन्सुलिन सुटलं की ते साखरेबरोबर पोटॅशियमही पेशीत ओढतं. धडधाकट माणसात हा फरक छोटा. पण ज्याला आधीच जुलाबाचं औषध दिलंय, वर बीपी किंवा सुजेसाठी लघवीची गोळी चालू आहे, त्याचं पोटॅशियम अगोदरच काठावर असतं, तिथे डॉक्टरला माहीत असायला हवं.

ग्रोथ हॉर्मोन आणि कॉर्टिसॉल दोन्ही ग्लुकॅगॉनने वाढू शकतात, आणि ग्रोथ हॉर्मोन तर लगेच नाही, दोन-तीन तासांनी वाढतं. उंची वाढत नाही म्हणून मुलांची ग्रोथ हॉर्मोनची तपासणी ग्लुकॅगॉन देऊन पण करतात, तीन-चार तास बसवून पुन्हा पुन्हा रक्त घेतात, ते यामुळेच. त्यामुळे या हॉर्मोनच्या टेस्ट आणि स्कॅन वेगळ्या दिवशीच ठेवा. मेटानेफ्रिन, म्हणजे अ‍ॅड्रिनलच्या गाठीसाठी करतात ती रक्ताची किंवा चोवीस तासांच्या लघवीची टेस्ट, ती पण वेगळ्या दिवशी, आणि जमलं तर स्कॅनच्या आधीच.

सीबीसी, ईएसआर, सीआरपी, क्रिएटिनिन यात एका डोसने लक्षात येण्यासारखं काही होत नाही. या टेस्ट त्याच दिवशी द्यायला हरकत नाही.

एचबीएवनसीवर पण एका इंजेक्शनचा परिणाम नाही, कारण ती दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते, तासाभराच्या चढाने तिला काही होत नाही. म्हणून स्कॅननंतर शुगर जास्त आली आणि खरंच डायबेटिस आहे का हा घोर लागला असेल तर एचबीएवनसी हा चांगला साक्षीदार आहे, ६.५ किंवा त्यावर असेल तर डायबेटिसकडे बोट दाखवते. पण थांबा, आतड्याचे पेशंट असाल तर इथे एक अडचण आहे आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. क्रोन्स, कोलायटिस, आतड्याचा टीबी या सगळ्यात बऱ्याचदा रक्त कमी झालेलं असतं. लोहाच्या कमतरतेने एचबीएवनसी खोटी जास्त येऊ शकते, आणि नुकताच रक्तस्राव झाला असेल किंवा रक्त चढवलं असेल तर खोटी कमी येऊ शकते. म्हणजे ज्या माणसांना हा स्कॅन सगळ्यात जास्त वेळा करावा लागतो त्यांचीच एचबीएवनसी भरवशाची नसते. त्यांना साध्या फास्टिंग शुगरवरच जास्त अवलंबून राहावं लागतं, म्हणून ती शुगर स्वच्छ वेळेला घेतलेली असणं त्यांच्यासाठी दुप्पट गरजेचं.

आणि सगळा दोष ग्लुकॅगॉनवर पण ढकलू नका. क्रोन्ससाठी प्रेडनिसोलोन चालू असेल तर स्टेरॉइडने शुगर खरोखर वाढते, विशेषतः दुपारनंतर, ती वाढ खरी आहे आणि तिच्याकडे लक्ष द्यायलाच हवं. दुसऱ्या दिवशीची फास्टिंग पण १२६ च्या वर आली, तर इंजेक्शनमुळे असेल म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरकडे जा.

कॉन्ट्रास्टचं थोडक्यात

हे ग्लुकॅगॉनचं नाही पण त्याच दिवशी होतं म्हणून सांगते. सीटीच्या कॉन्ट्रास्टमध्ये आयोडिन असतं, ते थायरॉइडच्या स्कॅनला आणि अपटेक टेस्टला कित्येक आठवडे गोंधळात टाकतं, काही जणांची टीएसएच पण हलते, त्यामुळे थायरॉइडचं काही बाकी असेल तर सीटीच्या आधी उरका. एमआरआयच्या कॉन्ट्रास्टमध्ये गॅडोलिनियम असतं, त्यातल्या काही जुन्या प्रकारांमुळे, उदाहरणार्थ गॅडोडायमाइड, लॅबच्या काही पद्धतींत कॅल्शियम खोटं कमी दिसतं, शरीरातलं कॅल्शियम मात्र जागेवरच असतं. बेरियम घ्यायचं असेल तर संडासची तपासणी आधी देऊन टाका.

पेट सीटीचं जरा नीट वाचा. परळला टाटामध्ये येणारे बरेच जण एकाच फेरीत दोन-दोन स्कॅन करायला बघतात. पेट सीटीमध्ये साखरेसारखंच एक औषध टोचून ते कुठे जातं ते बघतात, त्यासाठी शुगर साधारण २०० च्या आत लागते, आणि रक्तात इन्सुलिन जास्त असेल तर ते औषध गाठीऐवजी स्नायूंमध्ये जातं. ग्लुकॅगॉन शुगर पण वाढवतो आणि इन्सुलिन पण. त्यामुळे ग्लुकॅगॉनवाला स्कॅन पेटच्या आधी त्याच सकाळी लावून घेऊ नका, दोन्ही डिपार्टमेंटना एकमेकांच्या तारखा सांगा.

स्कॅन झाल्यावर

मशीनवरून उठल्यावर मळमळ होऊ शकते, क्वचित उलटी होते, ठोके थोडे वाढतात, त्यामुळे लगेच कुठे बीपी मोजून घेतलं तर ते जरा जास्त येईल. इन्शुरन्सच्या किंवा नोकरीच्या मेडिकलचं बीपी त्या दिवशी नको.

मग खाणं. शुगर वर गेली की शरीर इन्सुलिन सोडतं आणि ग्लुकॅगॉनचा असर संपला तरी ते इन्सुलिन थोडा वेळ राहतं, तुम्ही आदल्या रात्रीपासून उपाशी, लिव्हरचा साठा नुकताच रिकामा केलेला. म्हणून डॉक्टरने खायला परवानगी दिली की तिथेच कॅन्टीनमध्ये पोहे, उपमा, इडली, केळं, जे पोटाला चालेल ते खाऊन घ्या. घरी जाऊनच जेवू म्हणून रिकाम्या पोटी दादरला विरार फास्टमध्ये चढू नका, दरवाज्यात लटकलेलं असताना चक्कर आली तर काय होईल ते सांगायला नको. डायबेटिसवाल्यांनी निघायच्या आधी एकदा आणि मग दोन तासांनी एकदा ग्लुकोमीटरवर बघावं. पहिला आकडा जास्त दिसला म्हणून इन्सुलिनचा जादा डोस स्वतःच्या मनाने टोचायचा नाही, तो आकडा आपणहून उतरणार आहे आणि वर टोचलेलं इन्सुलिन त्याच्यात मिळून शुगर फार खाली नेऊ शकतं. पण ३०० च्या वर गेली आणि दोन-तीन तासांनी पण उतरत नाही, किंवा टाइप वन आहे आणि उलट्या होतायत, तर डॉक्टरला फोन करायचा, वाट बघायची नाही.

सकाळच्या गोळ्यांचं आदल्या दिवशीच विचारून ठेवायचं. ग्लिमेपिराइडसारखी डायबेटिसची गोळी उपाशीपोटी घेतली तर शुगर खाली जाऊ शकते, आणि टाइप वनवाल्यांनी लांब पल्ल्याचं इन्सुलिन स्वतःहून पूर्ण बंद करायचं नसतं. कोणती घ्यायची, किती घ्यायची हे तुमच्या डॉक्टरनेच सांगायचं, शेजारच्या काकांना त्यांच्या डॉक्टरने काय सांगितलं ते तुम्हाला लागू नाही.

घाम, थरथर, डोळ्यापुढे अंधारी, काही सुचेनासं झालं तर मोजायला मशीन असेल तर मोजा, ७० च्या खाली असेल तर तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात घालून प्या, पंधरा मिनिटांनी परत मोजा आणि मग काहीतरी खा. मशीन जवळ नसेल तर साखर घेऊन टाका, मोजण्यासाठी थांबू नका. बरोबर कोणी असेल तर त्याला आधीच सांगून ठेवा की पर्समध्ये साखर कुठल्या कप्प्यात आहे.

रिपोर्ट आधीच आला असेल तर

समजा हे सगळं वाचायच्या आधीच रक्त देऊन झालंय आणि शुगर जास्त आलीय. रिपोर्टवर सॅम्पल घेतल्याची वेळ छापलेली असते, बऱ्याच रिपोर्टवर तीन वेळा असतात, सॅम्पल घेतल्याची, लॅबला पोचल्याची आणि रिपोर्ट निघाल्याची, त्यातली पहिली बघा. स्कॅनच्या कागदावर स्कॅनची वेळ असते. दोन्ही शेजारी ठेवा. रक्त इंजेक्शनच्या आधीचं निघालं तर आकडा खरा धरा. इंजेक्शननंतर दोन-तीन तासांच्या आतलं असेल तर तो आकडा बाजूला ठेवा, स्कॅन सेंटरला फोन करून कोणतं इंजेक्शन दिलं होतं ते विचारा, आणि एक नवीन फास्टिंग शुगर दुसऱ्या कुठल्याही साध्या सकाळी द्या. लॅबवर चिडू नका, त्यांनी जे रक्तात होतं तेच छापलंय. बुस्कोपॅन दिलं होतं असं कळलं तर मात्र ही पळवाट संपली, मग ती शुगर इंजेक्शनमुळे नाही, डेक्स्ट्रोजची सलाईन किंवा स्टेरॉइड यातलं काही नसेल तर तिची नीट तपासणी करायला हवी.

दोन्ही रिपोर्ट, जुना आणि नवीन, एकत्र घेऊन डॉक्टरकडे जा, जुना फेकू नका आणि त्यावर पेनने इंजेक्शनची वेळ लिहून ठेवा. पुढच्या वर्षी परत एन्टेरोग्राफी होईल तेव्हा कुठला तरी नवीन डॉक्टर फाइल उघडेल आणि तो १४८ चा आकडा बघून पहिला प्रश्न विचारेल की डायबेटिस कधीपासून आहे.